मधलं शून्य

चौथीच्या वर्गातली गणिताची एक वही. चौकटीची, कोपरे दुमडलेली, पानांना पेन्सिलच्या खोडरबराचा काळपट वास. बाईंनी संख्यांचं श्रुतलेखन घेतलंय. ‘चारशे तीन’ सांगितलं आणि मुलानं लिहिलं ४००३. त्यावर लाल फुली, शेजारी बाईंच्या वळणदार अक्षरात ४०३ आणि खाली सूचना, ‘पाच वेळा लिही’. मुलानं पाच वेळा लिहिलंय, एकाखाली एक, चौकट न सोडता. पान उलटलं की पुढच्या आठवड्याचं श्रुतलेखन. ‘सातशे नऊ’, आणि समोर ७००९. पुन्हा फुली, पुन्हा पाच वेळा. चौथीतल्या मुलानं संख्या चुकणं यात नवल नाही. मनात रुतून बसतं ते वेगळंच. त्या मुलानं आळस केलेला नाही, सांगितलेलं सगळं केलं आहे, आणि तरीही दोन पानांच्या मध्ये काहीच घडलेलं नाही.

ती चूक नीट बघितली तर तिच्यात पुरेपूर तर्क आहे. ‘चारशे’ म्हणजे ४००, हे त्याला येतं. ‘तीन’ म्हणजे ३, हेही येतं. जसं ऐकू आलं तसं त्यानं ओळीनं लिहिलं. आणि हे त्याला शिकवलं कुणी? आपणच, आधीच्या तासाला. मराठीच्या तासाला श्रुतलेखनात सांगितलेलं असतं, ‘नीट ऐका, जसं ऐकू येतं तसं लिहा.’ त्या नियमानं ‘कमळ’ बरोबर येतं, ‘बदक’ बरोबर येतं, आणि घंटा झाल्यावर त्याच नियमानं ‘चारशे तीन’ चुकतं. वेळापत्रकावर मराठी, गणित, परिसर अभ्यास, इंग्रजी असे रकाने असतात. मुलाच्या डोक्यात असे रकाने नसतात. एका तासाला कमावलेला नियम ते निष्ठेनं पुढच्या तासाला घेऊन जातं. प्राथमिक शाळेत मुलं काय शिकतात, हे पुस्तकांच्या अनुक्रमणिकेत शोधलं तर अर्धंच सापडतं. उरलेलं या नेण्या-आणण्यात असतं.

४००३ वर पाच वेळा लिहिणं हा उपाय नाही. उपाय आहे संख्याकार्डांचा, आणि तो जवळजवळ फुकटचा आहे. जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद घ्यायचा. एककाची कार्डं २ सेंटीमीटर रुंद, १ ते ९. दशकाची ४ सेंटीमीटर रुंद, १० ते ९०. शतकाची ६ सेंटीमीटर, १०० ते ९००. एकूण २७ कार्डं. प्रत्येक अंक दोन सेंटीमीटरच्या घरात मधोमध, सगळे एकाच आकाराचे. आता ४०० चं लांब कार्ड खाली ठेवायचं आणि ३ चं छोटं कार्ड त्याच्यावर, उजवी कड जुळवून. शेवटचं शून्य झाकलं जातं आणि समोर ४०३ उभं राहतं. मूल कार्ड उचलून खाली डोकावतं, तर ४०० तिथंच असतात, कुठं गेलेले नसतात. ही डोकावण्याची क्रिया महत्त्वाची. ती स्वतःच्या हातानं तीन-चार वेळा केल्याशिवाय ‘तीन हे शेवटच्या शून्याच्या जागी बसतं’ हे वाक्य नुसता आवाज राहतं. बिघडतं ते दोन ठिकाणी. मुलं सवयीनं डावी कड जुळवतात, मग ३०० सारखं काहीतरी दिसतं. त्यासाठी प्रत्येक कार्डाच्या उजव्या कडेला एक जाड रेघ मारून ठेवावी. दुसरं, कागद पातळ असला तर खालचं शून्य वर उमटून दिसतं आणि सगळा खेळ फसतो. म्हणून लग्नपत्रिका.

संख्यांची नावं हा आणखी अवघड घाट. २७ वाचताना आपण ‘सत्तावीस’ म्हणतो, म्हणजे सात आधी ऐकू येतं आणि लिहायचं असतं नंतर. जसं ऐकू येतं तसं लिहिणारं मूल ७२ लिहितं. ‘एकोणसाठ’ ऐकलं की साठ ऐकू येतं, एकोण म्हणजे नऊ हे ठाऊक असतं, दोन्ही जोडून ६९. ही चूक जवळपास प्रत्येक दुसरी-तिसरीच्या वर्गात सापडते. २०१९ साली दुसरीच्या नव्या पुस्तकात ‘वीस सात’, ‘साठ तीन’ असं वाचन जोडीला दिलं गेलं आणि महाराष्ट्रभर गदारोळ उठला. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी त्यामागचं कारण शांतपणे सांगितलं होतं, तरी वाद भाषेच्या अभिमानाकडं गेला आणि ७२ लिहिणारं मूल त्यातून बाजूलाच पडलं. माझं मत स्पष्ट आहे. ‘सत्तावीस’ हवंच, कारण बाजारात, घरात, एसटीच्या तिकिटाला तेच बोललं जातं. पण आधी काही आठवडे हातात काड्यांचे गठ्ठे देऊन ‘दोन दशक सात’ असं बोलू द्यावं, मग त्याच ढिगाला ‘सत्तावीस’ हे नाव द्यावं. नाव नंतर, वस्तू आधी. दहा-दहा काड्यांना रबर लावून ठेवलेले गठ्ठे, खेरीज सुट्या काड्या, एवढ्यावर दुसरीचं वर्ष निभावतं. रबर मात्र मुलांनी स्वतः लावायला हवं. आयते गठ्ठे दिले की त्यात दहाच काड्या आहेत यावर मुलांचा विश्वास बसत नाही, आणि तो बसू नये हेच योग्य.

शून्याची गोष्ट इथं संपत नाही. ५०३ वजा २७८ घ्या. एकाच वर्गात तीन उत्तरं येतात, २२५, ३७५ आणि २७५. पहिलं बरोबर. बाकी दोन्ही चूक, पण दोन निरनिराळ्या आजारांची लक्षणं. ३७५ लिहिणारं मूल प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करतं. आठातून तीन पाच, सातातून शून्य सात, पाचातून दोन तीन. त्याला कुणीतरी कधीतरी सांगितलेलं असतं, ‘लहानातून मोठं जात नाही’, आणि ते त्यानं अक्षरशः पाळलं. २७५ लिहिणारं मूल हातचा घ्यायचा हे जाणतं, पण तो थेट शतकाकडून एककाकडं आणतं. पाचाचे चार झाले, तीनाचे तेरा, तेरातून आठ पाच. मग मधे शून्यातून सात, तिथं ते गोंधळतं आणि सातच लिहून मोकळं होतं. दोघांनाही ‘पुन्हा कर’ म्हणणं म्हणजे ताप आणि पाय मुरगळण्यावर एकच गोळी देणं. पहिल्याला वजाबाकी म्हणजे काढून घेणं इथपासून हवं. दुसऱ्याला फक्त मधली पायरी हवी.

ती पायरी खेळातल्या नोटांनी दिसते. शंभराच्या पाच नोटा, दहाची एकही नाही, एक रुपयाची तीन नाणी. २७८ द्यायचे आहेत. आठ रुपये सुटे नाहीत. दहाची नोट मोडू म्हटलं तर तीही नाही. म्हणून शंभराची एक मोडायची, दहाच्या दहा नोटा येतात. त्यातली एक मोडायची, दहा नाणी येतात. आता हातात शंभराच्या चार, दहाच्या नऊ, सुटे तेरा. मोजून पाहा, पैसे ५०३ च आहेत. इथं थांबायला हवं, आणि इथंच बहुतेक वर्गात थांबलं जात नाही. ‘रक्कम बदलली का?’ हा प्रश्न विचारून मुलांना पुन्हा मोजू द्यायला दहा मिनिटं लागतात. शून्यावर नऊ का लिहितात याचं उत्तर त्या दहा मिनिटांत मिळतं. ती वाचवली की तो नऊ पुढं कित्येक वर्षं नुसता मंत्रासारखा लिहिला जातो.

भागाकारात हेच शून्य उलट्या बाजूनं सतावतं. ६१८ भागिले ६, उत्तर १३. सहा एके सहा, एक उतरवला, सहानं जात नाही, आठ उतरवला, अठरा, सहा त्रिक अठरा. पद्धत सगळी पाठ, फक्त ‘जात नाही’ म्हणजे भागाकारात शून्य लिहायचं हे राहिलं. ४०३ मध्ये एक शून्य जास्तीचं लिहिणारं आणि १०३ मध्ये शून्य गाळणारं मूल पुष्कळदा एकच असतं. सहा जणांना ६१८ रुपये वाटायला बसवलं, तर शंभर-शंभर वाटून झाल्यावर ‘दहाची नोट एकच, कुणालाच देता येत नाही’ हे मुलंच ओरडून सांगतात. त्या ओरडण्याला वहीत शून्य म्हणतात. आणि १३ आलं असेल तर पडताळा एका वाक्यात होतो. शंभराच्या नोटा मिळाल्या होत्या ना प्रत्येकाला, मग तेराच रुपये कसे?

आता मराठीकडं वळू, कारण तिथंही जागेचाच प्रश्न आहे. ‘दिवस’ हा शब्द बोट ठेवून वाचणाऱ्या पहिलीतल्या मुलाला बघा. बोटाखाली आधी वेलांटी येते, मग द. तोंडानं मात्र आधी द, मग इ. पहिली वेलांटी डोळ्याला आधी भेटते आणि कानाला नंतर. रफाराचं उलटं. ‘सूर्य’ म्हणताना र आधी ऐकू येतो, य नंतर, पण खूण बसते य च्या डोक्यावर. म्हणून मुलं ‘सुरय’ लिहितात किंवा रफार सू वर चढवतात. र ची सोंगं चार, ‘चक्र’ मधला तिरपा, ‘राष्ट्र’ मधला खालून टेकू दिलेला, ‘सूर्य’ चा रफार आणि ‘सुऱ्या’ मधला अर्धचंद्रासारखा. चारही एकाच दिवशी फळ्यावर मांडले की तक्ता सुंदर दिसतो आणि मुलांच्या हाती काही लागत नाही. एक घ्यावा, आठवडाभर त्याचे शब्द शोधावेत, गावातल्या पाट्यांवर, बिस्किटाच्या पुड्यावर, मतदार यादीवर, आणि मग दुसरा. सत्तावीस, वेलांटी आणि रफार या तीन गोष्टी तीन निरनिराळ्या पुस्तकांतल्या पानांवर आहेत, पण मुलाला पडलेलं कोडं एकच आहे. ऐकण्याचा क्रम आणि लिहिण्याची जागा जुळत नाही. हे शिक्षकाच्या लक्षात आलं, तर एका ठिकाणचं कोडं सोडवताना दुसऱ्याकडं बोट दाखवता येतं.

वाचनाबाबत सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे खणखणीत वाचणारं मूल. पाठ वर्गात इतक्या वेळा मोठ्यानं वाचला गेलेला असतो, की तो कानानं पाठ होतो. चित्र दिसलं, पहिले दोन शब्द दिसले की पुढचं पान धबधब्यासारखं येतं. तपासायचं कसं? पुस्तक हातात देऊन तिसऱ्या ओळीतल्या मधल्याच शब्दावर बोट ठेवायचं. जे मूल खरं वाचतं ते तो शब्द सांगतं. ज्याला पाठ आहे ते ओळीच्या सुरुवातीला जाऊन मनात म्हणत म्हणत तिथवर येतं, ओठ हलताना दिसतात. याहून चांगली कसोटी म्हणजे कधीच न पाहिलेला उतारा. मुलांना वाचता येतं का, गणित येतं का हे देशभर तपासणाऱ्या ‘असर’च्या पाहणीत २००५ पासून वापरतात तो वाचनाचा कागद याच तत्त्वावर आहे. अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. गणिताला हातच्याची दोन अंकी वजाबाकी आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागाकार. एकेका मुलाला शेजारी बसवून काही मिनिटांत होतं. देशाची पाहणी असू दे, कुठल्याही वर्गशिक्षकाला जूनच्या पहिल्या दोन आठवड्यांत आपल्या वर्गापुरतं हे करता येतं, आणि केलं तर पुढच्या वर्षभराची दिशा त्यातून मिळते. केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानानं २०२६-२७ पर्यंत तिसरीच्या प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि पायाभूत गणित यावं असं ध्येय ठेवलंय. ‘समजून’ या शब्दावर माझा सगळा जीव आहे.

कारण न समजता वाचलं की गणितही बुडतं. ‘मीनाकडे १२ गोट्या आहेत. त्या राजूपेक्षा ५ ने जास्त आहेत. राजूकडे किती?’ वर्गातले बरेच हात १७ म्हणून वर जातात. ‘जास्त’ दिसलं, बेरीज केली. मुलांना ही खूणगाठ आपणच बांधून दिलेली असते, ‘एकूण आलं की अधिक, उरले आलं की उणे’. सुरुवातीच्या उदाहरणांत ती चालते, म्हणून मुलं ती घट्ट धरून बसतात. इथं आकडे झाकायचे. आकड्यांवर हात ठेवून फक्त गोष्ट वाचायची आणि विचारायचं, गोट्या कुणाकडं जास्त? मीनाकडं. मग राजूच्या १२ पेक्षा जास्त असतील की कमी? हा प्रश्न मराठीचा आहे, पण गणिताच्या तासाला विचारावा लागतो. आकड्यांशिवाय उदाहरण सांगता येणं ही तिसरी-चौथीतली फार मोठी मजल आहे आणि तिला कुठंच गुण नसतात.

परिसर अभ्यासात मात्र डोळ्यांनी पाहिलेलं आणि वहीत लिहिलेलं यांच्यातली दरी सगळ्यात रुंद होते.

दिशांचा पाठ घ्या. ‘उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभे राहा, समोर पूर्व, डाव्या हाताला उत्तर.’ शाळा सुरू होतात जूनमध्ये. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात महाराष्ट्रात सूर्य पूर्वेच्या साधारण २५ अंश उत्तरेकडं सरकून उगवतो, डिसेंबरात तितकाच दक्षिणेकडं. बरोब्बर पूर्वेला उगवतो तो २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या आसपास. म्हणजे जूनमध्ये सूर्याकडं तोंड केलेल्या मुलाचा डावा हात उत्तर सोडून पश्चिमेकडं झुकलेला असतो. पाठ चुकीचा नाही, ढोबळ आहे. पण एखादी चौकस मुलगी दिवाळीनंतर म्हणते, ‘बाई, सूर्य तर आता पाण्याच्या टाकीच्या पलीकडून येतो’, आणि तिला ‘सूर्य पूर्वेलाच उगवतो’ असं उत्तर मिळतं, तेव्हा वर्गातलं सगळ्यात खरं निरीक्षण पुसलं जातं.

त्यापेक्षा डिसेंबरातला एक निरभ्र दिवस काढावा. मैदानात मीटरभर सरळ काठी रोवायची. ती ओळंब्यात हवी, नाहीतर सगळं बिघडतं. दोऱ्याला दगड बांधून दोन बाजूंनी पाहिलं की कळतं. सकाळी साडेदहाच्या सुमारास सावलीच्या टोकाला खडा ठेवायचा. काठीला सुतळी अडकवून त्या सावलीएवढ्या लांबीचं वर्तुळ काठीभोवती चुन्यानं आखायचं. दर अर्ध्या तासानं टोकाला एकेक खडा. सावली आखडत जाते, दुपारी सर्वात आखूड होते, तरी डिसेंबरात ती नव्वद सेंटीमीटरच्या आसपास असतेच, आणि पुन्हा लांबू लागते. दुपारी तिचं टोक ज्या ठिकाणी पुन्हा वर्तुळाला टेकेल तिथं शेवटचा खडा. सकाळच्या आणि दुपारच्या खड्याला जोडणारी रेघ म्हणजे पश्चिम-पूर्व. सकाळचा खडा पश्चिमेचा, इथं मुलं हटकून उलटं सांगतात, कारण सकाळ म्हणजे पूर्व हे डोक्यात बसलेलं असतं. सावली सूर्याच्या विरुद्ध पडते हे तेव्हा प्रथमच अंगावर येतं. रेघेच्या मध्यातून काठीकडं जाणारी रेघ उत्तर-दक्षिण. ती पक्की करून ठेवली, चार विटा पुरल्या, तरी वर्षभर पुरते.

आणि मग महाराष्ट्राचा नकाशा भिंतीवरून काढून त्या रेघेवर जमिनीवर अंथरायचा. भिंतीवरच्या नकाशात उत्तर ‘वर’ असते, म्हणून उत्तर कुठं विचारलं की मुलं आढ्याकडं बोट दाखवतात. नद्या ‘वरून खाली’ वाहतात, म्हणजे सगळ्या दक्षिणेला, असा त्यांचा समज होतो. तापी आडवी पश्चिमेला जाते आणि गोदावरी त्र्यंबकेश्वराहून निघून पूर्वेला, हे भिंतीवर पटत नाही, जमिनीवर पटतं. नकाशाभोवती उकिडवी बसलेली मुलं आपापल्या मामाच्या गावाकडं खरोखरच त्या दिशेला हात करतात.

बियांच्या प्रयोगाचं तर मला फार वाईट वाटतं, कारण तो सोपा असून हमखास वाया जातो. मटकी आठ-दहा तास भिजवायची. एका वाटीत कोरड्या कापसावर कोरडी मटकी. दुसरीत ओल्या कापसावर, खिडकीत. तिसरीत ओल्या कापसावर, बंद कपाटात. चौथीत पाण्यात पूर्ण बुडवलेली. दोन दिवसांत खिडकीतली रुजते, आणि कपाटातलीही रुजते. कोरडी तशीच राहते. बुडवलेली फुगते, कधी मोड डोकावतोही, पण पुढं सरकत नाही आणि पाण्याला आंबूस वास सुटतो. मुलांनी हे सगळं नाकाडोळ्यांनी अनुभवलेलं असतं. आणि वहीत लिहितात, ‘बी रुजण्यासाठी हवा, पाणी व सूर्यप्रकाश लागतो.’ कपाटातली रुजलेली मटकी समोर असताना! कारण वनस्पतीला सूर्यप्रकाश लागतो हे वाक्य आधीच माहीत असतं आणि ते वाक्य मटकीपेक्षा बलवान ठरतं. प्रयोग पाच-सहा दिवस पुढं नेला तर खरा फरक दिसतो. कपाटातलं रोप उंच, लुळं, पिवळट, खिडकीतलं बुटकं आणि हिरवं. रुजायला उजेड लागत नाही, पुढं अन्न तयार करायला लागतो, हे तेव्हा कुणी सांगावं लागत नाही. सुरुवात सोमवारीच करावी. गुरुवारी केली तर रविवारी कापूस वाळतो आणि सगळंच संपतं. दाणे खेटून ठेवले की बुरशी येते, एका वाटीत दहा-बारा पुरेत. आणि बियाण्याच्या पिशवीतलं रंगीत, औषध लावलेलं बी मुलांच्या हातात कधीही देऊ नये. किराणा दुकानातली खायची मटकी आणावी.

चौथीच्या इतिहासाला शिवछत्रपतींचं पुस्तक. मुलं ते मनापासून वाचतात. गडांची नावं, मावळ्यांची नावं तोंडपाठ. अडचण येते ती काळाची. १६३० आणि १६७४ हे त्यांना गुणपत्रिकेतल्या आकड्यांसारखेच. ‘तेव्हा आजोबा केवढे होते?’ असा प्रश्न नवव्या वर्षी अगदी प्रामाणिकपणे विचारला जातो. व्हरांड्यात खडूनं रेघ मारावी, १०० वर्षांना १ मीटर. मुलाचं स्वतःचं आयुष्य नऊ-दहा सेंटीमीटर, वितीपेक्षा कमी. आजी साठ-सत्तर सेंटीमीटर. १ मे १९६० तिच्या जवळपास. शिवनेरीपर्यंत जायला चार मीटरला थोडंसं कमी चालावं लागतं. १६३० पासून १६७४ च्या राज्याभिषेकापर्यंतचं अंतर मात्र चव्वेचाळीस सेंटीमीटर, म्हणजे आजीच्या वयापेक्षा कमी! हे मोजून झाल्यावर वर्गात जी शांतता पसरते ती फार मोलाची असते. मापनाचा तास वेगळा घ्यायची गरज उरत नाही.

इंग्रजी २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीलाच आहे. गाणी, सूचना, फुलांची-प्राण्यांची नावं मुलं आनंदानं उचलतात. अडतात वाचनाशी. देवनागरीत खुणेचा आवाज जवळजवळ ठरलेला. इंग्रजीत ए हे एकच अक्षर ‘कॅट’मध्ये वेगळं, ‘केक’मध्ये वेगळं, ‘कार’मध्ये आणि ‘कॉल’मध्ये आणखी वेगळं. शिवाय इंग्रजी नऊ हा आपल्या देवनागरी एकासारखा दिसतो, तेव्हा सेमीच्या वर्गात १ चे ९ होतात ते बेफिकिरीनं नव्हे. इंग्रजीचे शब्द गटानं द्यावेत, एका आठवड्यात ‘कॅट’च्या आवाजाचेच. वेगवेगळे आवाज एका दिवशी मिसळले की मुलं वाचणं सोडून शब्द चित्रासारखे पाठ करू लागतात.

दुपारी अकरा-साडेअकराला खिचडीच्या फोडणीचा वास वर्गात शिरतो आणि कुणाचंच लक्ष लागत नाही. खरं तर तेव्हा गणिताचं पुस्तक मिटून स्वयंपाकघराच्या दाराशी जावं. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला तांदूळ १०० ग्रॅम, डाळ २० ग्रॅम, भाजी ५० ग्रॅम, तेल ५ ग्रॅम, असं प्रमाण ठरलेलं. आज हजर ४३. तांदूळ किती? पाटीवर कुणीतरी ४३० ग्रॅम लिहितंच. एक शून्य पुन्हा हरवलं. मग त्यालाच काट्यावर ४३० ग्रॅम तांदूळ ओतायला सांगावं. परातीत पसरलेले ते एवढेसे तांदूळ आणि मागं उभी असलेली त्रेचाळीस मुलं. ४ किलो ३०० ग्रॅम हे उत्तर तिथं कुणाला शिकवावं लागत नाही. डाळ ८६० ग्रॅम, तेल २१५ ग्रॅम, हे मुलं स्वतःच काढू लागतात, आणि दुसऱ्या दिवशी हजेरी बदलली की पुन्हा काढतात.

हे सगळं वर्षभर शाळेत असलेल्या मुलांचं. मेळघाटात घरी कोरकू बोलणारं मूल पहिलीत मराठीच प्रथम ऐकतं, आणि कोरकूचं मराठीशी भाषाकुळाचंही नातं नाही. ‘जसं ऐकू येतं तसं’ लिहायला त्याच्या कानात ते शब्दच नसतात. त्याला चित्र, वस्तू आणि त्याच्या भाषेतला शब्द हवा, मग मराठी. बीडकडची ऊसतोड मजुरांची मुलं दिवाळीच्या आसपास आईबापांबरोबर कारखान्याकडं जातात आणि मार्च-एप्रिलला परततात. नेमक्या त्याच महिन्यांत वर्गात भागाकार, अपूर्णांक, मापन होऊन गेलेलं असतं. हंगामी वसतिगृहात राहणाऱ्यांचं थोडं निभावतं. बाकीच्यांना वर्ग पुढच्या पानावर घेऊन जातो, कारण पुस्तक संपवायचं असतं. शिक्षणहक्क कायद्यानं पहिली ते पाचवीला वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास ठरवून दिलेत. परत आलेल्या मुलाच्या वाट्याला त्यातले बरेचसे येत नाहीत, आणि त्याला चौथीत ४००३ लिहिलं म्हणून फुली मारताना हे कुठंच नोंदलेलं नसतं.

नोंदीची जागा खरं तर आहे. २०१० पासून महाराष्ट्रात सातत्यपूर्ण मूल्यमापन आलं. तिसरी-चौथीला आकारिक, म्हणजे वर्षभरच्या कामावरून, ६० टक्के, संकलित, म्हणजे सत्राअखेरचं, ४०, आणि प्रत्येक मुलासाठी वर्णनात्मक नोंदी. त्या वहीत बहुतेक वेळा सापडतं, ‘गणितात प्रगती समाधानकारक’, ‘वाचन सुधारणे आवश्यक’. ही वाक्यं कुठल्याही मुलाला लावता येतात, म्हणून ती कुणाचीच नसतात. त्याऐवजी लिहावं, ‘तीन अंकी संख्या ऐकून लिहिताना मधल्या शून्याच्या जागी दोन शून्यं देतो, संख्याकार्डं वापरली की बरोबर लिहितो.’ ‘वजाबाकीत लहान-मोठं उलटवतो, नोटा दिल्या की चुकत नाही.’ ‘पाठातला उतारा खणखणीत, अनोळखी उताऱ्यात जोडाक्षराला अडते, रफार अजून नाही.’ एका मुलामागं अशा दोन ओळी पुरेत, आणि त्या लिहायला मुलाच्या शेजारी दहा मिनिटं बसावं लागतं. जूनमध्ये ती वही पाचवीच्या शिक्षकाच्या टेबलावर जाते. तिथं ‘समाधानकारक’ लिहिलं असेल तर त्याला सगळं पुन्हा पहिल्यापासून शोधून काढावं लागतं. ‘मधलं शून्य’ लिहिलं असेल तर तो पहिल्याच आठवड्यात कात्री आणि लग्नपत्रिका काढून त्या मुलाला जवळ बोलावू शकतो.